मासिक पाहावे काढून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी छापखाने नव्हते म्हणून ते तेवढ्यावर थांबले. नाहीतर तिसरे कलम त्यांनी खात्रीने जोडले असते. घर बांधणारा माणूस एकदाचा बांधून मोकळा होतो. लग्नही बहुधा एकदाच होते. मासिक मात्र दर महिन्याला नव्याने बांधावे लागते आणि दर महिन्याला नव्याने वर्‍हाडी जमवावे लागतात. शिवाय हे वर्‍हाडी असे की, ते जेवून गेले की रुसून गेले हे महिनाभर कळत नाही.

मी हा उद्योग १९७१ च्या दसर्‍यापासून १९९१ च्या दसर्‍यापर्यंत वीस वर्षे केला. मासिकाचे नाव सांगत नाही. सांगितले तरी तुम्हाला आठवणार नाही. आणि ज्यांना आठवेल त्यांतल्या काहींची वर्गणी अजून यायची आहे, त्यांना या सणासुदीच्या दिवसांत ओशाळे कशाला करा? परंतु या अंकाच्या संपादकांनी मोठ्या आपुलकीने पत्र पाठवले, ‘वाचक कसे मिळवावेत आणि कसे वाढवावेत याविषयी चार अनुभवाचे शब्द लिहा,’ तेव्हा मला आधी हसू आले. वाचक वाढवण्याच्या कामात मी एकदा चांगला यशस्वी झालो होतो, आणि त्या यशाची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

ही खोड मला लागली ती शाळेत मराठी शिकवताना. आमच्या तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात मास्तर होतो, आणि दर वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर टीप लिहून देणे हे माझे ठरलेले काम. फळ्यावर तेच ते लिहिता लिहिता एके दिवशी खडू थांबला. १८७४ च्या जानेवारीत निबंधमालेचा पहिला अंक निघाला तेव्हा शास्त्रीबुवांचे वय किती होते? तेवीस! सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळून हा गृहस्थ बहुतेक सारे मासिक एकटा लिहितो; भाषेवर लिहितो, इतिहासावर लिहितो, डॉक्टर जॉन्सनवर लिहितो, आणि सात वर्षांचे ८४ अंक मागे ठेवून १८८२ साली, वयाची ३२ वर्षे पुरी होण्याआधी, निघून जातो. मी तेव्हा तिशीला टेकलो होतो आणि माझ्या नावावर फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल होता.

मग मला चहूकडे दाखलेच दाखले दिसू लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेही ऐन विशीत, आणि एका बाजूला मराठी व शेजारी इंग्रजी असे दोन रकाने भरून. का. र. मित्रांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. आज तुमच्या हातात जो अंक आहे तो त्याच वंशातला. किर्लोस्करवाडीचे उदाहरण तर मला विशेष आवडे. तिथे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली नांगराच्या कारखान्याची बातमी देणारे एक चिमुकले पत्र काढले, ‘किर्लोस्कर खबर’. पुढे त्यातली ‘खबर’ गळाली, मासिक वाढले, त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ ही बहीण आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ हा भाऊ झाला. नांगराच्या फाळातून जर तीन मासिके उगवतात, तर खडूच्या भुकटीतून एक का उगवू नये?

हे सारे मी हिला रात्री जेवताना ऐकवले. हिने शांतपणे ऐकून घेतले, ताटात भाकरी वाढली आणि एवढेच विचारले, “ते ‘दर्पण’ पुढं किती वर्षं चाललं?”

“१८४० पर्यंत.”

“मग बंद का पडलं?”

मी म्हणालो, “तो विषय वेगळा आहे.”

त्या काळी १८६७ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन डिक्लरेशन करावे लागे. (त्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे.) नावे आधी दिल्लीला पाठवायची, पसंतीच्या क्रमाने. माझी पहिली दोन नावे कोणी तरी अगोदरच घेतलेली निघाली. तिसरे, जे मला मुळीच आवडत नव्हते आणि केवळ जागा भरण्यासाठी लिहिले होते, ते मंजूर झाले. प्रांतसाहेबांसमोर सही करून मी प्रकाशक, संपादक आणि मालक अशा तीन पदव्या घेऊन बाहेर पडलो. चौथी, हमालाची, कायद्यात नोंदवत नाहीत.

छापखाना बाजारपेठेत, तेलाच्या घाण्याशेजारी. ट्रेडल मशीन एक आणि कंपोझिटर एक. या कंपोझिटरना सगळे अण्णा म्हणत. डेमी आकाराची सोळा पाने, पण टाइप इतका तुटपुंजा की चार पाने छापून, खिळे धुऊन, पुन्हा केसांच्या खणांत टाकल्याखेरीज पुढची चार जुळवता येत नसत. ‘ण’ तर फारच कमी. तिसर्‍या पानावर अण्णा सांगत, “मास्तर, ‘ण’ संपले. आता जरा बाणा, कणा, प्राण वगैरे नको.” माझ्या लेखनातला पुष्कळसा आवेश त्यांनी या मार्गाने कमी केला, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. (पाहा, ‘ण’ आलाच.) अण्णांना आणखी एक सवय होती. मजकूर कंटाळवाणा झाला की ते स्टिक खाली ठेवून तंबाखूची डबी काढीत. एका लेखात डबी किती वेळा उघडली, हे मी दारापाशी उभा राहून मोजत असे. पुढे मोठमोठ्या टीकाकारांचे लेख वाचले, पण इतकी नेमकी टीका मी कुठे पाहिली नाही.

अंक छापून आले की घरात वेष्टनांचा कारखाना सुरू होई. मैद्याची खळ हिने शिजवायची, पट्ट्या मी कापायच्या, पत्ते हिने लिहायचे. हिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले, शिवाय पत्ते पाठ. नोंदलेल्या मासिकाला टपालाची सवलत मिळे, पण ठरल्या तारखेलाच अंक टाकावे लागत. तारीख हुकली की पूर्ण दराची तिकिटे. वेष्टनाची दोन्ही टोके उघडी ठेवायची, म्हणजे आत अंकच आहे, दुसरे काही नाही, हे पोस्टाला पाहता येते. ही उघडी टोके लक्षात असू द्या.

पहिल्या वर्षी वर्गणीदार झाले ६३. त्यांत १९ नातेवाईक आणि २४ शिक्षक. नातेवाइकांनी भिडेखातर वर्गणी दिली आणि शिक्षकांनी, आपला एखादा लेख छापला जाईल म्हणून. उरलेले २० कोण, हे मला कधीच नीट कळले नाही, आणि त्या वीस जणांसाठीच मी लिहितो अशी माझी समजूत होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला.

त्या वर्षी जूनमध्ये मी आठवीच्या वर्गाला निबंध घातला होता, ‘पावसाळा’. विषय ठरलेला, दर जूनला तोच. मुलांनी मोर नाचवले, बेडूक गायले, इंद्रधनुष्ये उभारली. बाहेर आभाळ कोरडे. श्रावण गेला, भादवा गेला, वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. दिवाळीच्या सुट्टीत मी सायकलवरून बहिणीच्या गावी निघालो असताना रस्त्यावर दुष्काळी काम चालले होते. खडीचे ढीग, त्यांच्यामागे बायका, आणि त्या बायकांत माझ्या वर्गातली एक मुलगी. हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला पाहून ती उभी राहिली, वर्गात राहावी तशी. म्हणाली, “गुरुजी, पगार वाटला की फी भरते.” मुकादम ओरडला तशी ती खाली बसली.

मी बहिणीकडे गेलो नाही. परत येऊन रात्रीत सहा पाने लिहिली. मिलोच्या भाकरीचा लाल रंग, मुलांना वाटायची सुकडी, हजेरीपटावरचे अंगठे, आणि ‘पावसाळा’ या विषयावर मीच दिलेले मुद्दे: एवढेच. अण्णांनी ती सहा पाने जुळवली तेव्हा डबी एकदाही निघाली नाही. फक्त शेवटी विचारले, “कुणाची पोर?”

त्या लेखावर १७ कार्डे आली. एका कार्डामागोमाग त्या मुलीच्या फीसाठी मनीऑर्डरही आली. ती मी शाळेत भरली. अंक हातोहात फिरला असावा, कारण पुढच्या दिवाळीपर्यंत वर्गणीदार २१० झाले. लोक पत्रांत घरच्या गोष्टी लिहू लागले. कोणाचा बैल विकला गेला, कोणाचा भाऊ मुंबईला गेला, कोणाच्या विहिरीला पाणी लागले. ती पत्रे मी छापत असे, आणि खरे सांगायचे तर माझ्या लेखांपेक्षा ती सरस असत.

पण वाढ ही मोठी विचित्र गोष्ट आहे. ती सुरू झाली की माणूस मोजायला लागतो. मी भिंतीवर एक तक्ता लावला आणि दर महिन्याला त्यावर आकडा लिहू लागलो. पुढे कागद महागला. दोनशेदहा अंकांना पुरेल असे गणित मांडले होते ते विसकटले, आणि १९७४ साली हिच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. नेल्या मी, पण कडीतून काढून पुढे ठेवल्या हिने, आणि एक शब्द बोलली नाही. न बोललेले शब्द घरात फार जागा अडवतात.

तेव्हा एका अनुभवी हितचिंतकाने सल्ला दिला: राशिभविष्य घाला, बक्षिसाचे शब्दकोडे घाला, पाककृती घाला, जाहिराती मिळवा. सल्ला अचूक निघाला. दोन वर्षांत तक्त्यावरचा आकडा ६१२ वर गेला. केशतेलाची जाहिरात मुखपृष्ठामागे, मसाल्याची पाठीमागे. दुष्काळावर, शाळेवर, रस्त्यावरच्या माणसांवर लिहायला पाने उरेनात. उरली तरी मी त्यांत सर्वांना रुचेल असे काही तरी गोडगोड लिही. १९७७ च्या पाडव्याला पाटल्या घरी आल्या. गावात माझा सत्कारही झाला. पत्रे पूर्वीच्या तिप्पट येत. मात्र त्यांत आता बैल नसत, विहिरी नसत. ‘आडवे ४ चुकीचे आहे’ किंवा ‘उभे ७ ला दोन उत्तरे संभवतात, तरी बक्षीस विभागून द्यावे’ असा मजकूर असे. अण्णांची डबी महिन्याला दोन लागू लागल्या. मी त्याचा संबंध वयाशी लावला.

६१२ पैकी १४० जणांची वर्गणी थकली होती. म्हणून १९७८ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागताच, मी एस.टी.ने वसुलीला निघालो. जाता जाता ज्यांची वर्गणी चोख येते त्यांनाही भेटावे, आभार मानावे, असा बेत होता.

घाटावरच्या एका गावी एक वकील राहत. पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. दर दसर्‍याला, न मागता, मनीऑर्डर. त्यांनी माझे असे स्वागत केले की मी संकोचलो. श्रीखंडाचे जेवण झाले. विडा देऊन ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि कपाट उघडून अभिमानाने म्हणाले, “पाहा, एक अंक गहाळ होऊ दिलेला नाही.”

खरेच नव्हता. वर्षवार गठ्ठे, सुतळीने बांधलेले, पाऊणशेच्या वर अंक. आणि प्रत्येक अंक वेष्टनात. हिच्या हातचे पत्ते ओळीने माझ्याकडे पाहत होते. मी सहज बोट लावून पाहिले. हिने लावलेली खळ जिथल्या तिथे होती.

“निवृत्त झालो ना, की निवांतपणे पहिल्यापासून वाचायला घेणार आहे,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कपटाचा लेशही नव्हता. मला राग आला नाही. उलट त्यांनी आग्रहाने दिलेली पुढच्या दोन वर्षांची वर्गणी मी घेतली, पावती फाडली, आणि स्टँडवर येऊन बराच वेळ कुठलीच गाडी पकडली नाही.

तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि चिपळूणहून गुहागरच्या बाजूला एका लहानशा गावी. तिथे एक निवृत्त मामलेदार माझे वर्गणीदार होते. त्यांची वर्गणी थकलेली नव्हती, तक्रार मात्र कायमची होती: ‘अंक नेहमी दोन दिवस उशिरा मिळतो. शेजारच्या गावी वेळेवर येतो. चौकशी व्हावी.’ मी दोनदा पोस्टाकडे अर्जही केले होते. आता प्रत्यक्ष चौकशीच करू, म्हणून आधी पोस्टात गेलो.

पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची पडवी. एक टेबल, एक तराजू, तिकिटांची पेटी, भिंतीला टांगलेली टपालाची पिशवी. शेजारी सुपात सोललेले काजू. पोस्टमास्तर पन्नाशीचे, अंगात गंजीफ्रॉक. मी नाव सांगताच त्यांच्या चेहर्‍यावरचा रंग पालटला. आत तोंड करून ते हलक्या आवाजात म्हणाले, “अगं, ते आलेत.” मग कोकमाचे सरबत आले. सरबत पिऊन होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले:

“तुमची तक्रार खरी आहे, मास्तर. अंक मीच ठेवून घेतो. पहिल्या दिवशी मी वाचतो, दुसर्‍या रात्री हिला वाचून दाखवतो. तिसर्‍या दिवशी वेष्टनात सरकवून मामलेदारांकडे. वेष्टन कधी फाडलं नाही हो. दोन्ही टोकं उघडी असतात, अलगद निघतो.”

सहा वर्षे! मी ज्यांना शोधत होतो त्या विसांतला एक माझ्यापुढे गंजीफ्रॉक घालून बसला होता, आणि तो माझ्या तक्त्यावर नव्हताच. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “पण आता उशीर व्हायचा नाही. गेलं वर्षभर अंक आला त्याच दिवशी देऊन टाकतो. राशिभविष्य काय, पंचांगात असतंच.” आणि लगेच, स्वतःच्याच बोलण्याला भ्यायल्यासारखे, “तुम्हाला वाईट वाटलं नाही ना?”

मी नाही म्हणालो. त्यावर आतल्या दाराआडून आवाज आला. बाई समोर आल्या नाहीत, आवाजच आला. “त्यांना विचारा, त्या खडी फोडणार्‍या मुलीचं पुढं काय झालं? त्यांनी लिहिलंच नाही.”

वाचकहो, मला ते माहीत नव्हते. तिच्या फीची मनीऑर्डर भरली, त्या सत्रात ती शाळेत आली, मग येईनाशी झाली. पटावरून नाव कमी केले असेल. कमी मीच केले असणार. तिच्यावर मी सहा पाने लिहिली होती, तिच्यामुळे माझे वर्गणीदार ६३ चे २१० झाले होते, आणि साडेपाच वर्षांत ती कुठे आहे हे विचारायचे मला सुचले नव्हते. मी त्या पडवीत काय उत्तर दिले ते आठवत नाही. काही तरी गुळमुळीत बोललो असेन. मामलेदारांकडे गेलोच नाही. परतीच्या एस.टी.त हाती वसुलीचे पैसे चांगले होते. ते सारखे चाचपून पाहत होतो, एवढे आठवते.

घरी येऊन हिला सारे सांगितले. वकिलांच्या कपाटाचे सांगितले, पोस्टमास्तरांचे सांगितले. ही खळीचे पातेले घासत होती. म्हणाली, “वकिलांना कशाला बोल लावता? मीही गेलं वर्षभर अंक वाचत नाही. पत्ते लिहिते आणि देते.”

“मग बोलली का नाहीस?”

“पाटल्या सुटल्या होत्या,” ती म्हणाली.

तो दिवाळी अंक आम्ही कसा काढला हे सांगत बसत नाही. कोडे गेले, भविष्य गेले, त्यांच्यामागोमाग केशतेल आणि मसालाही गेला. हिने एकच अट घातली: पाटल्या पुन्हा द्यायच्या नाहीत, जेवढ्यात भागेल तेवढीच पाने काढायची. भागले आठ पानांत. मला वाईट वाटत असे तेव्हा मी साने गुरुजींची आठवण काढी. अमळनेरला शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. एक प्रत, आणि वाचक म्हणजे ती मुले. त्या मानाने आठ छापील पाने म्हणजे चैनच. तक्त्यावरचा आकडा वर्षभरात ६१२ वरून २६० वर आला. तक्ता मी काढला; त्याच्या मागच्या कोर्‍या बाजूवर हिने किराण्याच्या याद्या केल्या.

त्या मुलीचे गाव आमच्यापासून तीन कोसांवर. गेलो. आई घरी होती. मुलीचे लग्न १९७४ मध्येच झाले होते. नवरा इचलकरंजीला मागावर. फीचे पैसे एका सत्राचे होते. पुढल्या सत्राची कोणी चौकशी केली नाही, आणि ज्यांनी करायला हवी होती त्यांत पहिला मी. तिच्यावर लेख छापून आला हेदेखील त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. सतरा जणांनी कार्डे पाठवली, एकाने मनीऑर्डर केली, आणि जिच्याविषयी लिहिले तिला मी अंकच दिला नव्हता! हे सारे मी त्या दिवाळी अंकात जसेच्या तसे लिहिले. अण्णांनी न बोलता जुळवले. जुना अंक आणि नवा, दोन्ही इचलकरंजीच्या पत्त्यावर पाठवले.

दोन महिन्यांनी कार्ड आले. अक्षर आठवीतलेच, थोडे तिरके झालेले. नवर्‍याची खुशाली होती, धाकट्याला दात येत होते. शेवटी लिहिले होते, ‘गुरुजी, पावसाळा निबंधात मला दहापैकी आठ मार्क होते. ते तुम्ही लिहायचे विसरलात.’ पुढल्या अंकात मी दुरुस्ती छापली. वीस वर्षांत इतक्या आनंदाने मी दुसरी दुरुस्ती छापली नाही.

पुढे मासिक आणखी तेरा वर्षे चालले. २६० चे कधी २८० झाले, कधी २४०. अण्णा थकले, छापखान्यात ऑफसेट आले, खिळे वजनावर भंगारात गेले. अण्णांनी मात्र आठवण म्हणून मला एक ‘ण’ आणून दिला, तो टेबलावर आहे. १९९१ मध्ये मी निवृत्त झालो आणि अंक थांबवला. ज्यांची आगाऊ वर्गणी शिल्लक होती त्यांना ती परत पाठवली. वकीलसाहेबांनी ती घेतली नाही. त्यांचे वाचन त्याच सुमारास सुरू झाले होते, आणि १९७२ च्या एका लेखाबद्दल त्यांचे मोठे सुंदर पत्र आले.

एक सांगायचे राहिले. १९८४ साली गुहागरकडच्या त्या गावाहून मनीऑर्डर आली. कुपनावर लिहिले होते: ‘वय झाले म्हणून पोस्टाचे काम सुटले. आता टपाल माझ्या हातून जात नाही. सबब वर्गणी पाठवीत आहे. हिचा नमस्कार.’ हिने वहीत नाव घातले आणि त्या महिन्याचे वेष्टन स्वतः लावले.

पुढच्याच महिन्यात त्यांचे कार्ड आले: ‘अंक दोन दिवस उशिरा मिळाला. नवा पोस्टमास्तर वाचतो असे दिसते. तक्रार करू नये.’